दादाचा स्कोअर

मी एक जुनं क्रेडिट कार्ड आहे. जुनं म्हणजे बंद केलेलं. माझी सोनेरी चिप कात्रीने कापून काढली आहे, आणि मालकाच्या नावातली शेवटची अक्षरं झिजून सपाट झाली आहेत. सध्या मी एका लांबट टेबलावर पडलेला असतो. चष्म्याचं भिंग मशीनवर घासण्याआधी त्याला एक चिकट चकती लावतात. घासून झालं की ती अलगद उचकटावी लागते. लोखंडाने उचकटली तर भिंगावर ओरखडा येतो. माझी कड पातळ आहे, ताठ आहे आणि प्लास्टिकची आहे. म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मित्रांनो, मला या कामाची लाज वाटत नाही. लाज कशाची वाटते आणि कशाची वाटायला हवी, हे मी फार जवळून पाहिलं आहे. तेच सांगतो.

माझा जन्म एका यंत्रात झाला. पांढऱ्या प्लास्टिकचे पातळ थर एकावर एक ठेवून तापवले, दाबले, कापले. माझ्यासारखे हजारो भाऊ त्याच वेळी बाहेर पडले. मग एका तरुण माणसाचं नाव माझ्या अंगावर उमटवलं आणि मला पाकिटात घालून त्याच्या पत्त्यावर पाठवलं. तो चष्मेवाला होता. नवीनच दुकान घेतलेलं, भिंतींना रंगाचा वास, आणि आत एक खुर्ची. माझ्यावर त्याने पहिली वस्तू घेतली ती डोळे तपासायच्या भिंगांची पेटी. मखमलीच्या खाचांत ओळीने बसवलेली गोल भिंगं पाहून तो लहान मुलासारखा हसला होता. पुढे कितीतरी वर्षं तो बायकोला सांगायचा की हे कार्ड नसतं तर आपण अजून दुसऱ्याच्या दुकानात काचा पुसत बसलो असतो. पाकिटातला पहिला कप्पा माझा होता. मी फुगून गेलो होतो, खोटं कशाला बोलू?

आणि माणूस खरंच सरळ. माझं बिल आलं की ते भरेपर्यंत त्याला जेवण गोड लागत नसे. कोणाचं देणं राहिलं तर लोक काय म्हणतील, ही भीती त्याच्या हाडात मुरलेली होती. भीतीने का होईना, तो सगळं वेळेवर भरायचा.

मग त्याच्या मोबाईलवर स्कोअर दिसायला लागला.

मित्रांनो, स्कोअर म्हणजे काय, ते साध्या शब्दांत सांगतो. तुम्ही उसनं घेतलेलं वेळेवर परत दिलंत का, घेता येईल त्यातलं किती घेतलंत, किती ठिकाणी मागायला गेलात, किती वर्षं हा व्यवहार चालू आहे, हे सगळं बँका कळवत असतात. त्या सगळ्याचा मिळून एक आकडा होतो. तो बँकांच्या सोयीसाठी केलेला आहे. तुमचा स्वभाव त्यात मोजलेला नसतो आणि तुमच्या घराची इभ्रतही नसते. पण हे चष्मेवाल्याला कोण सांगणार? तो सकाळी शटर वर करायचा आणि दिवा लावायच्या आधी मोबाईल उघडायचा. आकडा दोनाने वर गेला असला तर पहिल्या गिऱ्हाईकाला काच पुसायचं फडकं फुकट. दोनाने खाली आला असला तर फ्रेमचे स्क्रू असे आवळायचा की जणू त्या स्क्रूनेच त्याचं वाटोळं केलं. दुकानाची बिलं बायको करायची. ती एकदा म्हणाली, "इतकं बघू नका हो. बघून बघून झिजला असेल तो." त्याने खरंच दोन दिवस बघितलं नाही.

गंमत म्हणजे हाच माणूस गिऱ्हाइकांना शहाणपण शिकवायचा. कोणी घाबरून आलं की मागच्या वेळेपेक्षा पाव नंबर वाढलाय, तर तो हसून सांगायचा की डोळा आहे, खिळा नाही. सकाळी एक दिसतं, दमल्यावर एक, पाव इकडेतिकडे व्हायचंच. लोक निश्चिंत होऊन जायचे.

मग नवं कार्ड आलं. काळं, चकचकीत, वर बक्षिसांचे गुण देणारं. त्याने दुकानातली नवी काचेची कपाटं त्याच्यावर घेतली. डोळे तपासायचं नवं यंत्र घ्यायचंही त्याच्या मनात होतं, म्हणून तीन-चार बँकांत कर्जासाठी अर्जही देऊन आला. आणि मला त्याने बंद केलं. फोनवर म्हणाला, "दोन-दोन कार्डं कशाला? नसतं झेंगट." फोनवरच्या बाईंनी सांगितलं की कार्ड कापून टाका. त्याने फ्रेमच्या तारा कापायची कात्री घेतली, माझी चिप कापली आणि मला टेबलाखालच्या टोपलीत टाकलं. वर्षानुवर्षं पहिल्या कप्प्यात बसणारा मी, भिंगाच्या भुकटीत पालथा पडलो.

तिथून मला उचललं ते बारकीने.

बारकी म्हणजे चष्मेवाल्याची धाकटी बहीण. लहानपणी पडलेलं नाव तसंच राहिलं. आता ती इतकी उंच आहे की दुकानाच्या मागच्या खोलीत शिरताना तिला मान वाकवावी लागायची, आणि नवं गिऱ्हाईक "बारकी कुठंय?" म्हणून तिच्याकडेच बघत विचारायचं. भिंग घासण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. आधी ती हातानेच घासायची. पुढे तिने स्वतःच्या नावावर कर्ज काढून मशीन घेतलं. बँकेला जामीन हवा होता. दादाने सही केली. मशीन दादाच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसलं. ती दादाचं काम करायची आणि आसपासच्या दुकानांचंही.

दोघं भावंडं पैशाच्या बाबतीत भारी लाजाळू. हप्ता भरला का, असं दादाने कधी विचारलं नाही आणि भरला म्हणून तिने कधी सांगितलं नाही. त्यांची एक खूण होती. दुकानाच्या काचेत प्लास्टरचं एक डोकं ठेवलेलं होतं, फ्रेमा लावून दाखवायला. त्याला सगळे टकलू म्हणायचे. हप्ता गेला की बारकी टकलूच्या नाकावर एक मोठा काळा चष्मा चढवायची. दादा सकाळी शटर उघडताना बघायचा आणि गालातल्या गालात हसायचा. महिना संपला की काढून ठेवायचा. एवढंच. मला ती खूण फार आवडायची. आता वाटतं, तोंड असताना टकलूला मध्ये घ्यायची गरज काय होती?

एका सकाळी दादाचा स्कोअर खाली आला. दहा-बारा अंकांनी. आभाळ कोसळावं असं त्यात काही नव्हतं. पण एकदम इतका खाली तो आधी कधी आला नव्हता. दादाने मोबाईल पुसला, पुन्हा उघडला. आकडा तोच. मग त्याची नजर काचेकडे गेली. टकलूच्या नाकावर चष्मा नव्हता. हप्त्याची तारीख उलटून गेलेली. झालं. त्याच्या डोक्यात हिशेब पक्का बसला.

मी मागच्या खोलीत बारकीच्या टेबलावर होतो. पुढे खुर्चीत एक म्हातारे मास्तर नवा चष्मा लावून बघत होते. बायको बिल लिहीत होती. बारकी मास्तरांच्या दुसऱ्या चष्म्याची भिंगं घेऊन पुढे आली, आणि दादा तिथेच, सगळ्यांदेखत म्हणाला, "हप्ता झेपत नसेल तर आधी सांगायचं. कागदावर माझं नाव आहे."

बारकीला आधी कळलंच नाही. ती म्हणाली, "कुठला हप्ता?"

"तेही मीच सांगू? माझा स्कोअर बघ कुठे आलाय. आयुष्यभर मी एक पै चुकवली नाही, आणि आता तुझ्यापायी बँकेत मान खाली घालायची."

"दादा, तू मला विचारतोयस, की सांगतोयस?"

"सांगतोय. आकडा खोटं बोलत नाही."

बायकोने पेन खाली ठेवलं. मास्तरांनी चष्मा काढला आणि उगाच दांडीकडे बघत राहिले. नजर चुकवायला माणसाला काहीतरी लागतंच. बारकीचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती रडली नाही, भांडलीही नाही. आत आली, मास्तरांची भिंगं फ्रेममध्ये बसवली, माझ्या कडेने चकतीचा उरलेला चिकटा काढला, फडक्याने पुसली, आणि चष्मा पुढे नेऊन मास्तरांच्या हातात दिला. मग हात धुतले. दाराशी थांबून म्हणाली, "दुसरा जामीन बघते. तुझं नाव सोडवते. मशीन पण नेते इथून." आणि वाकून बाहेर पडली.

मित्रांनो, मला तेव्हा इतकी चीड आली की काय सांगू! ज्या बहिणीला त्याने सायकल शिकवली, जिच्या भिंगांवर त्याचं दुकान चालत होतं, तिचा शब्द आणि मोबाईलवरचा एक आकडा यांत त्याने आकड्यावर विश्वास ठेवला. तिला शब्द बोलायला वेळही दिला नाही. वर त्याला वाटत होतं की लाज त्याची गेली.

दुसऱ्या दिवशी बारकी आली नाही. बायको त्याच्याशी कामापुरतं बोलत होती. शेवटी एवढं म्हणाली, की तुम्ही ते जुनं कार्ड बंद केलंत, त्याचं काही राहिलं असेल, ते तरी बघा. म्हणून त्याने मला बारकीच्या टेबलावरून उचललं आणि शर्टाच्या खिशात घालून बँकेत निघाला. पण जाताना त्याच्या मनात माझी चौकशी नव्हती. जामिनावरून आपलं नाव काढून घ्यायचं, हे त्याच्या मनात होतं. ती म्हणाली होतीच, मग हा तिच्याआधी पोचला.

काउंटरमागे एक बाई होत्या. त्यांच्या डोळ्यांवरचा चष्मा आमच्याच दुकानातला. त्यांनी त्याचं म्हणणं ऐकून घेतलं, संगणकात बघितलं आणि म्हणाल्या, "यांचे हप्ते तर नेहमी तारखेच्या आधीच येतात. या महिन्याचाही आलाय. एकही चुकलेला नाही. नाव कशाला काढताय?"

 

"मग माझा स्कोअर का पडला?" त्याने विचारलं.

"कितीने?"

"दहा-बाराने."

बाई हसल्या नाहीत, पण हसू आवरलं हे दिसलं. त्या म्हणाल्या, "पडला कुठे? हलला. तुम्हीच मला सांगितलं होतंत ना, पाव नंबर इकडेतिकडे व्हायचाच म्हणून? मी तीन रात्री घाबरून बसले होते तेव्हा."

मग त्यांनी एकेक सांगायला सुरुवात केली. कपाटं नव्या कार्डावर घेतली. बिल निघालं त्या दिवशी जेवढं देणं दिसत होतं तेवढं पुढे कळवलं गेलं. त्याने दोन दिवसांनी सगळं भरलं, पण ते पुढच्या वेळी दिसणार. कर्जासाठी तीन-चार ठिकाणी अर्ज केले, तेही दिसलं. हा माणूस एकदम इतक्या दारांत का फिरतोय, असं यंत्राला वाटतं. तेव्हा दादाने मला खिशातून काढून काउंटरवर ठेवलं. याचं काही थकलंय का, म्हणून. थकलेलं काहीच नव्हतं. पण बाईंनी मला बोटाने जरा पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "हे बंद केलंत, तिथे थोडा फरक पडला. दोन कार्डं होती तेव्हा उसन्याच्या मर्यादेचा पेला मोठा होता, देण्याचं तेवढंच पाणी तळाशी दिसायचं. पेला लहान केलात, पाणी अर्ध्यावर आलं. पाणी वाढलं नाही हो. दोन-चार महिने नीट चालू द्या, येईल वर. आणि रोज बघितलंत तरी काही बिघडत नाही. बघण्याने तो कमी होत नाही."

थोडक्यात, खाली आणणारा तोच. आणि त्याने तरी काय गुन्हा केला होता? कपाटं घेतली, अर्ज केले, एक कार्ड बंद केलं. यातलं काहीच लाजेचं नव्हतं. लाजेचं जे होतं ते दुकानात झालं होतं, आणि त्याची नोंद कुठल्याच संगणकात नव्हती.

तरी परत येताना तो एका गोष्टीला धरून होता. टकलू. चष्मा का नव्हता नाकावर? तिने खूण केली नाही, म्हणूनच आपला गैरसमज झाला, असं तो मनात घोळवत आला. बुडणारा माणूस काय काय धरतो! दुकानात शिरल्या शिरल्या त्याने बायकोला तेच ऐकवलं. ती म्हणाली,

"तिने चढवला त्याच दुपारी तुम्हीच विकलात की तो. त्या ट्रकवाल्याला. डोळ्यांना ऊन सहन होत नाही म्हणत होता, तुम्ही टकलूच्या नाकावरून काढून त्याला घातलात, आणि कसा शोभतो म्हणून आरसाही धरलात."

दादा खुर्चीवर बसला. गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर. समोर अक्षरांचा तक्ता होता, वर मोठी अक्षरं, खाली बारीक. बराच वेळ तो तिकडे बघत होता, पण त्याला एकही ओळ दिसत नसणार.

आता माफी मागायची तर सरळ जाऊन मागावी ना? पण नाही. मित्रांनो, लाजेने माणूस शहाणा होतो असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. बहुतेक वेळा तो आधी भित्रा होतो. त्याने मला गुपचूप बारकीच्या टेबलावर जिथल्या तिथे ठेवून दिलं, जणू आपण काही केलंच नाही. बायकोला म्हणाला, तू जाऊन सांग ना तिला. बायको म्हणाली, मी का सांगू, मी बोलले होते का? मग त्याने निरोप धाडला, की पुढचा हप्ता मी भरतो. बारकीचं एका ओळीचं उत्तर आलं: माझा हप्ता मीच भरते. ते वाचून तो पुन्हा लाल झाला. तिला दुखवायचं म्हणून त्याने ते लिहिलं नव्हतं. पण पैसे पुढे केले की तोंड उघडावं लागत नाही, ही युक्ती त्याला सोपी वाटली. ती सोपी होती म्हणूनच घाणेरडी होती.

मग मशीन न्यायचा दिवस आला. दोन हमाल आले, पट्टे आणि ढकलगाडी घेऊन. बारकी त्यांच्या मागोमाग आली. मशीन कुठे धरायचं, कुठे नाही, हे ती त्यांना दाखवत होती. दादा पुढच्या दालनात उभा होता, हातात स्क्रू आवळायचा पेचकस, पण समोर फ्रेम नव्हती. तेवढ्यात मास्तर आले. चष्म्याची दांडी कानाला टोचत होती. मागच्या खोलीतली गडबड बघून ते परत फिरणार होते. दादा म्हणाला, "मास्तर, थांबा जरा. त्या दिवशी तुम्ही इथे होतात."

मास्तर थांबले. हमालही थांबले, मशीन अर्धवट उचललेलं.

दादा एक पाऊल पुढे आला. तो म्हणाला, "मी हिला तुमच्यादेखत बोललो ते खोटं होतं. हिने एकही हप्ता चुकवलेला नाही. स्कोअर माझ्याच व्यवहारांनी हलला. मी न विचारता बोललो. तुमच्यासमोर बोललो, म्हणून तुमच्यासमोर सांगतोय."

मग तो बारकीकडे वळला. एवढं बोलताना त्याने तिच्याकडे बघितलंच नव्हतं. आता बघितलं. "बारके, चुकलं माझं."

बारकी मशीनच्या पट्ट्याला हात लावून उभी होती. तिने मान हलवली. हमालांना म्हणाली, "उचला." मग दादाला म्हणाली, "बोललास ते बरं केलंस. पण मी इथे बसणार नाही आता. जामिनावर तुझं नाव राहू दे. ते मी आजवर सांभाळलं, पुढेही सांभाळीन."

यापेक्षा तिने त्याला चार शिव्या दिल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं. मशीन गेलं. तिच्या हत्यारांच्या डब्यातून मीही गेलो. मागे वळून पाहता आलं असतं, तर रिकाम्या खोलीच्या दारात तो उभा दिसला असता, हातात अजून तोच पेचकस.

आता आम्ही दुसऱ्या गल्लीत एका खोलीत आहोत. छत उंच आहे, बारकीला वाकावं लागत नाही. दुपारनंतर दुकानदारांची माणसं आपापली भिंगं न्यायला येतात आणि दाराशी रांग लावतात. दादा स्वतः येतो. तो रांगेत उभा राहतो. भाऊ आहे म्हणून पुढे घुसत नाही, आणि बारकीही त्याला आधी बोलावत नाही. त्याची पाळी आली की भिंगं देते, नंबर वाचून दाखवते, तो "बरं" म्हणतो आणि जातो. त्याचा स्कोअर केव्हाच पूर्वीच्या जागी आला. तेही त्याने तिला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय?

काल ऊन फार होतं. रांग लांब होती. बारकीने भिंगावर मान घातलेली होती, माझी कड चकतीखाली. तिने मान वर केली नाही. नुसतं पायाने टेबलाखालचं स्टूल दाराच्या दिशेने सरकवलं. दादाने त्या स्टुलाकडे बघितलं, रांगेतल्या माणसांकडे बघितलं. तो बसला नाही. पण पाळी आल्यावर आत येताना त्याने ते स्टूल उचलून आणलं, तिच्या टेबलाशी ठेवलं, आणि म्हणाला, "तूच बस घडीभर. उभी आहेस सकाळपासून." ती बसली.

मित्रांनो, मी प्लास्टिकचा तुकडा आहे. माझ्यासारखी कार्डं रोज कापली जातात आणि आकडे रोज हलतात, ते हलू द्यात. माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. कधी एखाद्या आकड्याने तुमच्या मनात घरच्या माणसाविषयी शंका घातली, तर त्या माणसाला बाजूला घ्या, विचारा, आणि त्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत तोंड बंद ठेवा. इतकं तुम्हाला जमलं नाही, तर निदान जिथे बोललात तिथेच, त्याच लोकांसमोर, ते परत घ्या. लाज वाटेल. वाटू द्या.